नळाला पाणी बारीक येतंय? पंप घ्यायच्या आधी एक बादली आणि मोजपट्टी घ्या

माझी मावशी पुण्यात चौथ्या मजल्यावर राहते, बिल्डिंगचा शेवटचा मजला, वर गच्ची आणि गच्चीवर टाक्या. मागच्या वर्षी सोसायटीने टाक्या धुवून घेतल्या आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या बाथरूममधलं पाणी एकदम बारीक झालं, शॉवर तर नुसता गळायचा, अंगावर पडायचाच नाही. प्लंबर आला, शॉवर चालू करून बघितला आणि दोन मिनिटांत सांगून मोकळा झाला की काकू, टॉप फ्लोअरला प्रेशर नसतंच, पंप बसवावा लागेल. मावशीने मला फोन केला की कुठल्या कंपनीचा पंप घेऊ. मी एकच विचारलं, टाकी धुवायच्या आधी कसं येत होतं? ती म्हणाली, अरे बारा वर्षं व्यवस्थित येत होतं की.

आता टाकी होती तिथेच आहे, मावशीचा मजला तोच आहे, पाईप तेच आहेत. मग प्रेशर एका रात्रीत गेलं कुठे? या एका प्रश्नावर सगळं अवलंबून आहे आणि तो न विचारताच लोक पंपाला पैसे घालतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आपण बोलताना "प्रेशर नाही" असं म्हणतो पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. एक म्हणजे दाब, म्हणजे पाण्याला मागून किती जोर आहे ते. दुसरं म्हणजे प्रवाह, म्हणजे मिनिटाला किती लिटर पाणी नळातून बाहेर पडतंय ते. दाब भरपूर असूनही प्रवाह कमी असू शकतो कारण वाटेत काहीतरी अडकलेलं असतं, आणि वाट एकदम मोकळी असूनही पाणी कमी येऊ शकतं कारण मुळात जोरच कमी आहे. पहिल्या केसमध्ये अडथळा काढायचा, पंप नाही लावायचा. दुसऱ्या केसमध्ये कितीही जाळ्या साफ करा, फरक पडणार नाही. नळाकडे नुसतं बघून हे दोन्ही सारखेच दिसतात, गोंधळ होतो तो इथेच.

दाब कुठून येतो ते आधी बघू, कारण ते खरंच सोपं आहे. गच्चीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या पाण्याचा दाब फक्त उंचीवर ठरतो, टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून तुमच्या नळापर्यंत उभं अंतर किती, एवढंच. १० मीटर उंचीला साधारण १ किलो दाब मिळतो, प्लंबर ज्याला एक किलो प्रेशर म्हणतात तो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. पंपाच्या किंवा गिझरच्या खोक्यावर बार लिहिलेलं असतं, घरातल्या हिशोबाला १ बार आणि १ किलो सारखंच धरलं तरी चालतं. एक मजला साधारण १० फूट, म्हणजे ३ मीटर, म्हणून प्रत्येक मजला खाली उतरलात की दाब ०.३ किलोने वाढतो.

टाकी किती मोठी आहे याचा दाबाशी काहीही संबंध नाही, हे मुद्दाम सांगतो कारण बऱ्याच सोसायट्यांच्या मीटिंगमध्ये हा विषय निघतो की टाकी बदलून डबल मोठी घेऊ म्हणजे प्रेशर येईल. नाही येणार. ५०० लिटरची टाकी आणि ५००० लिटरची टाकी, दोन्हीतल्या पाण्याची पातळी एकाच उंचीवर असेल तर खालच्या नळाला दाब अगदी सारखा मिळतो. मोठ्या टाकीचा फायदा एवढाच की पाणी जास्त वेळ पुरतं आणि पातळी पटकन खाली जात नाही.

आता मावशीच्या घराचा हिशोब करून दाखवतो, तुम्ही तुमच्या घराचा असाच करू शकता, फक्त मोजपट्टी लागते. शॉवर जमिनीपासून ७ फुटांवर, स्लॅब १० फुटांवर, म्हणजे मधलं अंतर ३ फूट. गच्चीवर टाकी विटांच्या ओट्यावर आहे, ओटा ३ फूट. टाकीत पाणी ३ फूट भरलेलं. सगळं मिळून ९ फूट, म्हणजे पावणेतीन मीटरच्या आसपास, म्हणजे शॉवरला दाब जेमतेम ०.२७ किलो. त्याच बाथरूममधला बादलीचा नळ शॉवरपेक्षा साडेचार फूट खाली आहे, त्याला मिळतात साडेतेरा फूट, म्हणजे ०.४ किलो, जवळजवळ दीडपट. म्हणून वरच्या मजल्यावर "नळाला येतं पण शॉवरला येत नाही" ही तक्रार इतकी कॉमन आहे, आणि म्हणूनच टाकी अर्धी झाली की शॉवर आधी रडतो. त्याच बिल्डिंगच्या तळमजल्याला त्याच नळासाठी आणखी ४० फूट मिळतात, तिथे दीड किलोच्या वर दाब आहे. खाली राहणाऱ्यांना वरच्यांची तक्रार समजत नाही त्याचं कारण हे आहे, दोघंही खरं बोलत असतात.

हा हिशोब नळ बंद असतानाचा आहे. आणि इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, नळ बंद असताना पाणी थांबलेलं असतं आणि थांबलेल्या पाण्याला अडथळा जाणवत नाही. पाईप आतून तीन चतुर्थांश बुजलेला असला तरी नळ बंद असेल तर नळापाशी दाब पूर्ण दाखवतो. त्यामुळे कोणी प्रेशर गेज आणून बंद लाईनला लावून दाखवलं की बघा दाब आहे, तर त्यावरून पाईप मोकळा आहे असं काही सिद्ध होत नाही. गेज लावायचंच तर एका नळाला लावायचं आणि त्याच लाईनवरचा दुसरा नळ पूर्ण सोडायचा, काटा किती पडतो ते बघायचं. काटा धाडकन खाली आला तर दाब वाटेत खाल्ला जातोय.

वाटेत खाल्ला जातो म्हणजे काय, तर पाणी पाईपातून पळताना पाईपाच्या भिंतीला घासतं, प्रत्येक कोपऱ्यावर, प्रत्येक व्हॉल्वमध्ये थोडा थोडा जोर जातो. पाईप जितका बारीक तितकं हे जास्त, आणि ते साध्या प्रमाणात वाढत नाही. अर्ध्या इंची आणि पाऊण इंची पाईपात दिसायला फार फरक नाही पण तेवढ्याच दाबाला पाऊण इंचीतून साधारण अडीच पट पाणी जातं. उलट बाजूने बघा, जुना अर्ध्या इंचाचा लोखंडी पाईप आतून गंजून आणि क्षार बसून १५ मिलिमीटरचा ८ मिलिमीटर झाला तर पाणी निम्मं होत नाही, पाचव्या हिश्श्यावर येतं. वरच्या मजल्यावर मुळात ९ फुटांचीच पुंजी असते त्यामुळे तिथे हा खर्च परवडत नाही. तळमजल्यावर तोच खराब पाईप वर्षानुवर्षं खपून जातो.

आता तपासणी. एक बादली घ्या, एक लिटरच्या बाटलीने मोजून १० लिटर पाणी ओता आणि तिथे आतून मार्करने खूण करा, कारण बाजारातल्या बादलीवर लिहिलेला आकडा आणि खरं माप यात फरक असतो. मग घरातला प्रत्येक नळ पूर्ण उघडून खुणेपर्यंत भरायला किती सेकंद लागतात ते मोबाईलवर मोजा, लिहून ठेवा. एका मिनिटात भरली तर मिनिटाला १० लिटर, चांगलं आहे. दोन मिनिटं लागली तर ५ लिटर, नळाला चालून जातं पण शॉवरला मजा येत नाही. तीन मिनिटांच्या वर गेलं तर काहीतरी गडबड आहे. गरम गार वेगळं मोजा, आणि एकदा सकाळी सात साडेसातला आणि एकदा दुपारी तीनला मोजा. हे वीस मिनिटांचं काम आहे आणि यातून जे कळतं ते प्लंबरला नुसतं शॉवर बघून कधीच कळणार नाही.

एकाच नळाला कमी येत असेल आणि शेजारच्या नळाला छान येत असेल तर नशीबवान आहात, बिघाड हाताच्या अंतरावर आहे. नळाच्या तोंडाशी जी जाळी असते ती फिरवून काढा, निम्म्या वेळा तिथेच रेती, गंजाचे कण, टेफ्लॉन टेपचे तुकडे मिळतात. जाळी काढून नळ सोडा, पाणी सुधारलं तर काम झालं. नाही सुधारलं तर बेसिनखालचा अँगल कॉक बघा, तो पूर्ण उघडा आहे का, बरेचदा कामवाल्याने गळती बंद करताना अर्धवट फिरवलेला असतो आणि सगळे विसरून जातात. मग अँगल कॉक बंद करून त्याच्यापासून नळाकडे जाणारा लवचिक कनेक्शन पाईप काढा, त्याचं मोकळं टोक बादलीत धरा आणि कॉक हळूच उघडा. बादलीत जोरात आलं तर दोष नळात आहे, तिथेही बारीकच आलं तर कॉकमध्ये, पाईपात किंवा त्याच्या मागे. असं एकेक पाऊल मागे जात राहायचं. हे लवचिक पाईप आतून रबरी असतात आणि जुने झाले की आतलं रबर फुगतं किंवा दुमडतं, बाहेरून स्टीलची जाळी अगदी नवी दिसते, त्यामुळे हा दोष फार उशिरा सापडतो.

शॉवरचं वेगळं. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर त्यातले क्षार शॉवरच्या भोकांमध्ये पांढरे थर करून बसतात. कोमट पाण्यात लिंबाचं सत्त्व टाका, लिटरला दोन मोठे चमचे पुरतात, किंवा पांढरं व्हिनेगर निम्मं पाणी घालून घ्या, आणि शॉवर काढून त्यात अर्धा पाऊण तास ठेवा, मग जुन्या टूथब्रशने घासा. टॉयलेटचं ॲसिड अजिबात वापरू नका, क्रोम निघून जातं आणि आतलं पितळही खातं. आणि एक, तो मोठ्या ताटाएवढा रेन शॉवर शोरूममध्ये छान दिसतो पण त्याला बहुतेक वेळा एक किलोच्या आसपास दाब लागतो. शेवटच्या मजल्यावर पाव किलो दाबावर त्यातून धारा सरळ खाली पडतात, अंग भिजतं पण साबण निघत नाही. तिथे लहान तोंडाचा साधा शॉवर जास्त चांगला चालतो, आणि तो भिंतीवर सहा इंच खाली बसवला तरी फरक कळतो कारण ९ फुटांतले सहा इंच म्हणजे थोडेथोडके नाहीत.

फक्त गरम पाणीच बारीक असेल तर गिझरच्या वाटेवर शोधायचं. गिझरमध्ये गार पाणी जिथून जातं तिथे एक छोटा पितळी व्हॉल्व असतो, तो पाणी उलटं येऊ देत नाही आणि आत दाब जास्त झाला तर बाहेर सोडतो. त्यात क्षार साठले की गरम पाणी हळूहळू कमी होत जातं, एकदम नाही, महिन्या महिन्याने. हा व्हॉल्व बदलायचा असतो, तो काढून टाकून सरळ पाईप जोडून द्यायचा नाही. "हा व्हॉल्वच नको, फुल पाणी येईल" असं सांगणारे भेटतात, त्यांना स्पष्ट नाही म्हणा, बंद टाकीत पाणी तापतंय आणि दाब जायला वाट नाही हे धोक्याचं आहे. आणि गिझरला हात लावायच्या आधी मेन बोर्डवरून त्याचा एमसीबी खाली करा, नुसतं बाथरूममधलं बटण बंद करून भागत नाही.

किचनला छान आणि बाथरूममधल्या सगळ्या नळांना बारीक, किंवा उलटं, असं असेल तर गच्चीवर जा. आपल्याकडे बहुतेक बिल्डिंगमध्ये टाकीतून गच्चीभर एक आडवा पाईप फिरवलेला असतो, त्याला लूप म्हणतात, आणि त्या लूपमधून किचनला वेगळा, प्रत्येक बाथरूमला वेगळा असे डाऊनटेक खाली उतरतात. प्रत्येक डाऊनटेकच्या डोक्यावर एक व्हॉल्व असतो. बॉल व्हॉल्व असेल तर बघायला सोपा, दांडा पाईपाच्या रेषेत म्हणजे उघडा, आडवा म्हणजे बंद, तिरका म्हणजे अर्धवट. गोल चाकाचा गेट व्हॉल्व मात्र फसवतो. त्याच्या आतली पितळी झडप जुनी झाली की दांड्यापासून सुटते आणि खाली अडकून बसते, वरचं चाक तुम्ही कितीही फिरवा, ते फिरतं, वाटतं उघडला, पण झडप जागची हलत नाही. चाक नुसतंच गरागरा फिरत असेल किंवा अडखळून मधेच थांबत असेल तर तो व्हॉल्व बदलून त्या जागी बॉल व्हॉल्व टाकून घ्या, तेवढ्या कामाने पूर्ण डाऊनटेक सुटलेला मी स्वतः बघितलाय.

आता हवा. याबद्दल जरा थांबून लिहितो कारण टाकी धुतल्यानंतर किंवा दोन दिवस पाणी बंद राहिल्यानंतर जी तक्रार येते तिच्यामागे बरेचदा हवाच असते आणि लोकांना ते खरं वाटत नाही. टाकी रिकामी झाली की पाईपही रिकामे होतात, त्यात हवा भरते. पाणी परत सोडलं की हवा वर चढून निघून जायला हवी. पण आडवा पाईप जर कुठे उंच उचललेला असेल, बीमवरून, गच्चीच्या दाराच्या उंबऱ्यावरून, कठड्यावरून नेलेला असेल, तर त्या उंचवट्यात हवेचा बुडबुडा अडकतो. पाणी त्याच्या कडेने झिरपत राहतं पण तो उंचवटा चढताना गेलेला जोर पलीकडे उतरताना परत मिळत नाही. हिशोब असा की दीड फुटाच्या उंचवट्यात हवा अडकली तर तुमच्या ९ फुटांतून साधारण तेवढी उंची वजा होऊ शकते, आणि असे दोन तीन उंचवटे असतील तर सगळ्यांची बेरीज वजा होते. तळमजल्याला ५० फूट असतात म्हणून तिथलं पाणी बुडबुड्याला ढकलून देतं. वरच्या मजल्याकडे ढकलायला ताकदच नसते.

हे आपल्या लोकांना फार पूर्वीपासून माहीत होतं. पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्याकडे जमिनीखालून जे पाणी आणलं त्या वाटेवर हवा निघून जावी म्हणून उच्छ्वास बांधलेले होते. किती अर्थपूर्ण शब्द आहे, पाण्याच्या वाटेला श्वास सोडायला जागा. आज आपण त्यालाच एअर व्हेंट किंवा नुसतं एअर पाईप म्हणतो, गच्चीवर डाऊनटेकच्या डोक्यावरून एक बारीक पाईप वर काढलेला असतो, तोंड उघडं, टाकीच्या पाण्यापेक्षा उंच. बऱ्याच ठिकाणी तो नसतोच, किंवा कोणीतरी कावळे घाण टाकतात म्हणून डमी म्हणजे बूच लावून बंद केलेला असतो. तो उघडा आणि डास जाऊ नयेत म्हणून तोंडाला जाळी बांधा.

हवा काढायची घरगुती पद्धत अशी. त्या लाईनवरचे सगळे नळ पूर्ण उघडा, सगळ्यात खालचा नळ आधी, आणि दहा पंधरा मिनिटं तसेच राहू द्या, फडफड करत हवा येईल, पाणी तुटक तुटक येईल, येऊ द्या, खाली बादल्या लावा म्हणजे पाणी वाया जाणार नाही. फक्त गरमच्या लाईनमध्ये हवा असेल आणि गारला पाणी चांगलं असेल तर मिक्सरचा, म्हणजे गरम गार एकत्र येणाऱ्या नळाचा, उपयोग होतो. आधी गिझर बंद करून पाणी गार होऊ द्या. मग मिक्सरचं तोंड ओल्या फडक्याने आणि तळहाताने घट्ट दाबा, गरम गार दोन्ही बाजू उघडा, गार पाण्याला बाहेर जायला जागा नाही म्हणून ते गरमच्या लाईनमध्ये उलटं घुसतं आणि हवेला मागे ढकलतं. अर्धा मिनिट धरा, सोडा, दोन तीनदा करा. गिझरच्या तोंडाचा तो व्हॉल्व चांगला असेल तर पाणी गिझरच्या पलीकडे मागे जाणार नाही, म्हणजे गिझर आणि नळाच्या मधली हवा यातून हलते, गिझरच्या मागची, टाकीकडची नाही.

आता वेळेचा प्रश्न. दुपारी छान येतं पण सकाळी सात ते नऊ शेवटच्या मजल्यावर काहीच येत नाही, नळ उघडला की घुर्र घुर्र आवाज येतो आणि हात लावला तर हवा आत ओढल्यासारखी वाटते. हा तुमच्या घराचा बिघाड नाहीच, हा सगळ्या मजल्यांना मिळून एकच डाऊनटेक असल्याचा परिणाम आहे. खालचे तीन चार नळ एकदम उघडले की त्यांच्याकडे उंची जास्त असल्याने ते जोरात पाणी खेचतात, वरच्या सामाईक पाईपात तेवढं पाणी पळवण्यातच सगळा दाब संपतो आणि वरच्या फ्लॅटच्या फाट्यापाशी काही उरत नाही. शेजाऱ्याशी भांडून उपयोग नाही, तो काही चुकीचं करत नाहीये. उपाय गच्चीवर आहे, शेवटच्या मजल्यासाठी टाकीतून वेगळा डाऊनटेक काढायचा, लूपचा पाईप दीड इंचीऐवजी दोन इंची करायचा, एअर पाईप उघडा ठेवायचा. हे सोसायटीचं काम आहे आणि खर्चही सोसायटीनेच करायचा असतो असं माझं स्पष्ट मत आहे, शेवटच्या मजल्यावाल्याने वीस वर्षं बादलीने आंघोळ करायची हे बरोबर नाही.

टॉवरमध्ये राहणाऱ्यांचं गणित उलटं असतं. तीस मजल्यांवरून सरळ पाणी सोडलं तर खाली नऊ किलो दाब येईल आणि फिटिंग फुटतील, म्हणून मधे मधे दाब कमी करणारे व्हॉल्व बसवतात. मधल्याच दोन चार मजल्यांना एकदम पाणी कमी झालं तर डक्टमधला तो व्हॉल्व किंवा त्याच्या आधीची जाळी तुंबलेली असते. त्याला सेटिंग असतं, सोसायटीच्या मेंटेनन्सवाल्यालाच हात लावू द्या.

पाणी हळूहळू, वर्षानुवर्षं कमी होत गेलं असेल, बिल्डिंग तीस चाळीस वर्षं जुनी असेल आणि सकाळी पहिलं पाणी तांबूस येत असेल तर पाईप संपले आहेत. लोखंडी जीआय पाईप आतून गंजाच्या गाठींनी भरतो, ॲसिड टाकून किंवा प्रेशर मारून साफ करून देतो म्हणणारे येतात, त्याने चार महिने बरं वाटतं आणि मग ज्या गंजाने भोक बुजवलेलं होतं तिथून गळायला लागतं. इथे पाईप बदलणं एवढाच उपाय, गार पाण्याला यूपीव्हीसी, गरमला सीपीव्हीसी, आणि बदलतच आहात तर मेन पाऊण किंवा एक इंच घ्या, फक्त शेवटचा नळाकडचा तुकडा अर्धा इंच ठेवा.

बैठं घर किंवा रो हाऊस असेल, थेट महापालिकेच्या नळाचं पाणी असेल, तर दाब तुमच्या हातात नसतो, तुम्ही लाईनच्या शेवटी आहात का, किती वाजता पाणी सुटतं, यावर तो ठरतो. आधी शेजारच्या दोन घरांत विचारा, सगळ्यांचंच कमी असेल तर पाणीपुरवठा विभागात तक्रार एकत्र द्या. फक्त तुमचंच कमी असेल तर मीटरच्या तोंडाशी असलेली जाळी तुंबलेली असू शकते, पण मीटर स्वतः उघडू नका, विभागाच्या माणसाकडून उघडून घ्या. आणि नळाच्या लाईनला थेट मोटर लावू नका. ते बेकायदा आहे, मोटर जप्त होते, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मोटर लाईन शोषून घेते तेव्हा रस्त्याखालच्या पाईपात जिथे बारीक गळती असेल तिथून बाहेरचं गटाराचं पाणी आत ओढलं जातं आणि ते तुमच्याच घरात, शेजारच्या लहान मुलांच्या पोटात जातं. त्यापेक्षा जमिनीलगत किंवा जमिनीखाली टाकी करा, कमी दाबालाही ती आपोआप भरते, आणि मोटर त्या टाकीतून वर चढवा.

एवढं सगळं बघून झालं, व्हॉल्व उघडे आहेत, हवा नाही, जाळ्या साफ आहेत, पाईप चांगला आहे आणि तरी शॉवरला नऊच फूट मिळतायत, तर मग दोनच मार्ग. टाकी उंच करा किंवा पंप लावा. टाकी उंच करण्याबद्दल एक आकडा लक्षात ठेवा, प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे ९ फुटांचे १४ फूट केले तर पाणी दीडपट होत नाही, साधारण पाव हिस्साच वाढतं. पाच फुटांचा ओटा वाढवणं, त्यावर भरलेल्या टाकीचं वजन, गच्चीचा स्लॅब, इंजिनिअरला विचारल्याशिवाय करायचंच नाही असं काम, आणि मिळकत पाव हिस्सा. म्हणून शेवटच्या मजल्याला योग्य तपासणीनंतर बूस्टर पंप हेच उत्तर असू शकतं, मी पंपाच्या विरोधात अजिबात नाही.

फक्त तो नीट लावा. पंप पाणी ढकलतो चांगलं, ओढतो वाईट, म्हणून तो बाथरूमच्या माळ्यावर नाही तर गच्चीवर टाकीच्या जवळ, टाकीच्या तळाच्या पातळीला हवा, आणि टाकीपासून पंपापर्यंतचा पाईप निदान एक इंची. तुमची लाईन टाकीतून स्वतंत्र असेल तरच लावा, सामाईक डाऊनटेकवर लावलात तर शेजाऱ्याचं पाणी ओढाल. वीज गेल्यावर पाणी पूर्ण बंद पडू नये म्हणून पंपाला बगल देणारा एक पाईप आणि त्यात पाणी उलटं न येऊ देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व ठेवा. टाकी रिकामी झाल्यावर पंप कोरडा चालू नये याची सोय त्यात आहे का ते विचारून घ्या.

आणि घरात पाणी तापवायचा सोलर असेल तर विशेष काळजी. गच्चीवरचे साधे सोलर दाबाचे नसतात, त्यांना उघडा एअर पाईप असतो. पंप फक्त गारच्या लाईनला लावला तर मिक्सरमध्ये जास्त दाबाचं गार पाणी कमी दाबाच्या गरम लाईनमध्ये उलटं घुसतं, नळाला गरम पाणी येतच नाही आणि वर सोलरच्या एअर पाईपातून पाणी वाहत राहतं. लोक सोलर खराब झाला समजून कंपनीला बोलावतात. गरमच्या लाईनलाही, सोलरच्या पुढे, गरम पाणी सोसणारा वेगळा पंप लागतो, आणि दोन्हीचा दाब सारखा असावा लागतो.

मावशीच्या घरी काय निघालं ते सांगतो. मी गेलो तेव्हा आधी बादली लावली, बाथरूमच्या नळाला १० लिटरला तीन मिनिटं दहा सेकंद, किचनला पन्नास सेकंद. म्हणजे टाकीची उंची पुरेशी होती, पाणी बाथरूमच्याच वाटेवर अडत होतं. गच्चीवर गेलो, बाथरूमच्या डाऊनटेकचा बॉल व्हॉल्व तिरका होता, टाकी धुणाऱ्याने बंद केलेला आणि परत उघडताना पूर्ण उघडला नव्हता. तो उघडला, पाणी दीड मिनिटावर आलं. मग अँगल कॉक आणि शॉवरमधून टाकीतला गाळ निघाला, चमचाभर असेल. त्यानंतर एक मिनिट पाच सेकंद. शॉवर तिने लहान तोंडाचा घेतला आणि थोडा खाली बसवला, पंप घेतला नाही.

येताना वॉचमनकाकांकडून पांढरा ऑईलपेंट घेऊन गच्चीवरच्या प्रत्येक व्हॉल्ववर कुठला फ्लॅट, किचन की बाथरूम, ते लिहून आलो, आणि दांडा पूर्ण उघडा असताना जिथे असायला हवा तिथे पाईपावर एक रेघ मारली. सोसायटीत पुढची टाकी धुलाई ऑक्टोबरमध्ये आहे.